खुराड्याचे कोपरे

दोरीला आणखी एक गाठ मारली की बल्ब वीतभर वर चढे. गाठ मारून झाली तरी सून लगेच उठत नसे. पत्र्याच्या गोल कड्याबाहेर उकिडवी बसून कोंबडीची पिल्ले काय करतात ते पाहत राही. बल्बखाली घोळका झाला तर ऊब कमी पडली. सगळी पत्र्याला टेकून, चोची उघडून धापू लागली तर जास्त झाली. आणि भुशावर सांडलेल्या दाण्यांसारखी जिकडेतिकडे विखुरली, तर दोरीला हात लावण्याचे कारण नाही. आज ती विखुरलेली होती. तिने बल्ब विझवला. तरीही ती विखुरलेलीच राहिली. एकाने तेवढी मान वाकडी करून विझलेल्या काचेकडे पाहिले आणि पुन्हा भुसा उकरायला घेतला.

घरातली ही मधली खोली. तिची एक भिंत चुलीला लागून असल्यामुळे थंडीत ती सगळ्यांत उबदार, आणि म्हणून एरवी सासूची. आता ती पिल्लांनी बळकावली होती. शिवाय पिल्ले वाढू लागली तशी त्यांच्या अंगावरची लव झडून, भुशात मिसळून, धुरळा होऊन घरभर फिरत होती. भांड्यांवर बसत होती, उशांवर बसत होती, सासूच्या छातीत बसत होती.

"पिल्लांना एवढी ऊब, आणि मी बाहेरच्या दाराशी कुडकुडते," चुलीपाशी खोकत सासू म्हणाली. "पुढच्या जन्मी कोंबडी होऊन तुझ्याच घरी येईन म्हणते."

"या की, आई. पण मग अंडी द्यावी लागतील."

"देईन. आणि प्रत्येक अंड्यामागे चार शब्द ऐकवीन."

थट्टा खरी होती, पण तिच्या तळाशी एक बोलणे झालेले होते आणि ते दोघींनाही पाठ होते. सुनेने दोन हिवाळे गावाबाहेरच्या शीतगृहात बटाटे निवडण्यात काढले होते. ओल्या हातमोज्यांत बोटे आधी दुखत, मग जळत, मग काहीच होत नसे. आणि ते काहीच न होणे हळूहळू घरीही तिच्याबरोबर येऊ लागले. आता बोटांच्या टोकांना सुई टोचली तरी कळत नसे. पिल्लू गार आहे की गरम, हे पाहायला ती त्याचे पाय गालाला लावी. नवरा शीतगृहाच्याच मालट्रकवर होता. आठवड्यातले बरेच दिवस रस्त्यावर. घरी राहून कोंबड्या पाळीन, हे तिने सासूजवळ मागून घेतले होते. पहिली खेप मेली. सासूने आणखी एक खेप दिली होती. ही पिल्ले खोलीतून निघून अंगणात रुळली, तर शीतगृह सुटले. नाही रुळली, तर पुन्हा हातमोजे.

पहिली खेप थंडीने मेली, असे घरात ठरून गेले होते. ठरून गेलेल्या गोष्टीची एक सोय असते: ती पुन्हा तपासावी लागत नाही. थंडीचा त्यात काही हात नव्हता असे नव्हे. बाहेर काढलेली पिल्ले पहिल्याच संध्याकाळी थंडीने आणि अंधाराच्या भीतीने एकमेकांना बिलगली, हे खरेच. पण मारले त्यांना थंडीने नव्हे, वजनाने. सगळी एका कोपऱ्यात घुसली, मागची पुढच्यांच्या पाठीवर चढली, आणि तळाशी असलेल्यांना दोन भिंतींच्या मधून निसटायला वाटच राहिली नाही. सकाळी तो ढीग सुनेने स्वतः उपसला होता. वरची जिवंत होती. खालची चपटी होती, आणि उबदार होती. थंडीने मेलेले पिल्लू उबदार कसे असेल, हा प्रश्न तिने तेव्हा विचारला होता. पण त्या सकाळी तिचे कोण ऐकणार?

सासऱ्याने मात्र त्या मरणाचा दोष जुन्या खुराड्याच्या फटींवर ठेवला होता, आणि तो सुतार असल्यामुळे फटी बुजवण्याचा मार्ग त्याच्या हातातला होता. त्याच्याकडे कामे येईनाशी झाली होती. उजवा हात कापू लागला होता आणि ही गोष्ट त्याच्याआधी गिऱ्हाइकांच्या लक्षात आली होती. एखाद्या मोठ्या कामासाठी म्हणून बरीच वर्षे माळ्यावर जपलेल्या फळ्या त्याने खाली काढल्या आणि हिवाळा लागल्यापासून तो अंगणात नवे खुराडे बांधत होता. कापऱ्या हाताने एक सांधा बसवायला सकाळ जाई. पण बसलेला सांधा असा की नख शिरू नये. चारही कोपऱ्यांना काटकोन तपासायचा गुण्या लावून तो मागे सरके, एक डोळा मिटे आणि गुण्याच्या कडेतून उजेड दिसतो का पाही. दिसत नसे.

खुराडे पुरे झाले त्या दिवशी त्याने सुनेला हाक मारली. ती वाकून आत गेली, जाळी पाहिली, वाऱ्याची दिशा पाहिली, बसायच्या दांड्या हलवून पाहिल्या. मग बाहेर येऊन म्हणाली, "फार छान झालंय, बाबा. फक्त कोपरे मोडायला हवेत."

"काय करायला हवेत?"

"मोडायला. म्हणजे गोल करायचे. पोती भरून बसवते मी. कोपरा दिसला की त्यात शिरतात ती."

सुताराने गुण्या हातात घेतला आणि तो पुसू लागला. "कोपऱ्याशिवाय पेटी उभी राहत नाही."

"पेटीत जीव राहत नाही ना, बाबा."

"माणसं राहतात की कोपऱ्यांच्या घरात."

"माणसं एकमेकांच्या डोक्यावर चढत नाहीत."

"नाही चढत?" घरातून सासूचा आवाज आला. "दोन दिवस येऊन राहा म्हणावं इथं."

सुतार हसला नाही. "चाळीस वर्षांत माझा कोपरा कुणी झाकला नाही," तो म्हणाला, "आणि आता त्यात भुशाची पोती." एवढे बोलून तो हत्यारे आवरू लागला. सुनेने पोती शिवली. सकाळी तिने ती चारही कोपऱ्यांत बसवली. दुपारी पाहिले तर ती खुराड्याबाहेर एकावर एक रचून ठेवलेली. तिने ती पुन्हा बसवली. त्याने ती पुन्हा काढली. घरात दोघे एकाच पंगतीला बसत, एकाच भांड्यातले वाढून घेत आणि एकमेकांशी सासूमार्फत बोलत.

दरम्यान बल्ब वर चढत राहिला. मग दिवसाचा बंद झाला, मग रात्रीचाही. खोलीची खिडकी आधी बोटभर उघडी, मग हातभर. ऊन असेल त्या सकाळी सून पिल्लांना टोपलीतून अंगणात नेई, जाळीखाली सोडी आणि वारा सुटला की परत आणी. पाठीवर, पंखांवर पिसे भरली. मानेवर तेवढी लव राहिली, म्हातारीच्या अंबाड्याखालच्या केसांसारखी. ती पत्र्याच्या कड्यावर उड्या मारून बसू लागली. एक तर थेट सासूच्या उशीवर सापडले.

"बस झालं," सासू म्हणाली. तिला बोलताना मध्ये दम घ्यावा लागत होता. "मला श्वास घेता येत नाही, बाई. आज हलव."

सुनेने आकाशाकडे पाहिले. ते निरभ्र होते, आणि हिवाळ्यात निरभ्र आकाश ही चांगली गोष्ट नव्हे. दिवसभराचे ऊन ते संध्याकाळी परत घेते. तिला आणखी दोनतीन दिवस हवे होते. पण सासूचा खोकला खोटा नव्हता. सकाळीच हलवली तर अंधार पडेपर्यंत पिल्लांना जागेची ओळख होईल, असा हिशेब करून तिने टोपल्या भरल्या.

सकाळभर ती खुराड्यापाशी बसून होती. खोलीतलाच थोडा भुसा तिने मुद्दाम तिथे पसरला होता, म्हणजे वास ओळखीचा राहील. पोती कोपऱ्यांत घट्ट बसवली. सुतार ओसरीवरून पाहत होता. त्याचा हात गुडघ्यावर कापत होता आणि दुसऱ्या हाताने त्याने तो धरून ठेवला होता.

जेवणे झाली तेवढ्यात मोटारसायकल दारात थांबली. शीतगृहाचा मुकादम. बोलताना तो माणसाकडे न पाहता मनगटाकडे पाही, म्हणून बायका त्याला पाठीमागे घड्याळ म्हणत.

"एक बाई आली नाही," घड्याळ म्हणाला. "दोन ट्रक माल उतरलाय. आत्ता ये, संध्याकाळपर्यंतचं काम आहे. तुझी जागा मी अजून धरून ठेवलीय, पण आज नाही आलीस तर उद्यापासून दुसरी घेणार. सांगून ठेवतो."

"आज नाही जमणार, साहेब. पिल्लं आजच बाहेर काढलीत."

"पिल्लं?" त्याने मनगटाकडे पाहिले. "बटाटे थांबत नाहीत, बाई."

"जा तू," सासू दारातून म्हणाली. "पिल्लं काय, आम्ही दोघं आहोत. ही मेली तर निदान जागा तरी हातात राहील."

हे बोलणे दुष्टपणाचे नव्हते. ज्या घरात दोन वाटांपैकी एक बुजायची असते तिथे शहाणे माणूस दोन्ही उघड्या ठेवू पाहते. पण सुनेला ते लागले, कारण सासूच्या मनात पिल्ले आधीच मेलेली होती. ती ओसरीवर गेली.

"बाबा, सूर्य खाली गेला की आत कंदील टांगा. अंधारलं की घाबरतात. आणि पोती काढू नका."

सुतार रंध्याचे पाते घासत होता. तो घासतच राहिला.

"बाबा."

"ऐकलं," तो पात्याला म्हणाला.

शीतगृहाच्या दाराला हाताएवढी जाडी होती आणि आत खिडकी नव्हती. पट्ट्यावरून बटाटे येत. कुजका डावीकडे, हिरवट उजवीकडे, चांगला पुढे. सुनेची बोटे थोड्याच वेळात नाहीशी झाली. समोर हातमोजे हलताना दिसत तेवढेच. दिवस किती उरला हे आत कळत नसे. दार उघडून हातगाडी आत आली की ती मान वळवून बाहेरचा उजेड पाही. आधी पांढरा होता. मग पिवळा. मग दार उघडले तेव्हा तो हातगाडीवाल्याच्या पायांपाशी तांबडा पडला होता आणि तो माणूस बाहेर उभा असतानाच त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"साहेब, संध्याकाळ झाली."

"दुसरा ट्रक अर्धा आहे अजून."

"संध्याकाळपर्यंत म्हणाला होतात."

"मी म्हणतो तेव्हा संध्याकाळ," घड्याळ म्हणाला, आणि बायका हसल्या. कुणी त्याला बरे वाटावे म्हणून, कुणी त्याच्यावर.

पुढचा बटाटा कुजका होता. तो तिने डावीकडे टाकला, हातमोजे काढून त्याच ढिगावर टाकले आणि दाराकडे चालू लागली.

"गेलीस तर परत येऊ नकोस," मागून आवाज आला.

बाहेर तिने धावायला सुरुवात केली. थंडी जमिनीतून वर येत होती. रस्त्याकडेचे गवत पायाखाली करकरत होते. घरांतले दिवे लागत होते. तिला फक्त एकच गोष्ट ऐकायची होती. भ्यालेली पिल्ले कर्कश ओरडतात आणि ते लांबून ऐकू येते. ते ऐकू आले तर अजून वेळ आहे. दबलेली पिल्ले ओरडत नाहीत. ती वळणावर आली, कुंपणापाशी आली. काहीच ऐकू आले नाही.

अंगणात सासू कंदील वर धरून उभी होती. पायांशी टोपली होती, आणि टोपलीत जे होते ते हलत नव्हते. खुराड्यासमोर कोपऱ्यांतली पोती एकावर एक रचलेली होती, वर कुणी बसून उठल्यासारखा खड्डा पडलेला.

"पोती कुणी काढली?"

सासूने कंदिलानेच खुराड्याकडे दाखवले. खोकल्यामुळे तिला बोलता येत नव्हते.

सून गुडघ्यांवर बसून दारातून आत शिरली. पलीकडच्या कोपऱ्यात काहीतरी मोठे होते. कंदिलाचा उजेड आत पोहोचला तेव्हा तिला गुडघे दिसले, मग त्यांवर ठेवलेली हनुवटी. सुतार पाठ कोपऱ्यात घुसवून, अंगाची घडी करून बसला होता. पिल्ले त्याच्या पायांवर, कुशीत, सदऱ्याच्या बाहीत होती. एक खांद्यावर कानाला चिकटून डुलक्या घेत होते. चढलेले प्रत्येक पिल्लू त्याच्या नडगीवरून घसरून पुन्हा मोकळ्या भुशावर येत होते.

"हळू," तो म्हणाला. "पाय बघून टाक."

"बाबा, तुम्ही आत कशाला?"

"कोपरा धरलाय." त्याचे दात वाजत होते. "फळबागेचा मालक आला होता. त्याला असलंच मोठं खुराडं बांधून हवंय. म्हणाला, पोत्यांमागे सांधे दिसत नाहीत. काढली. त्यालाच बसायला दिली." तो थांबला. "मग गप्पांत उजेड गेला, आणि तो गेला. ही बया ओरडली तेव्हा पाहिलं तर चढलीच होती एकावर एक. काढली की परत. पोती सुचलीच नाहीत. हाताने थांबेनात. हात कापतात माझे." त्याने मान वर केली नाही. "पाठ कापत नाही."

"आणि तो समोरचा कोपरा?"

"तो बघ आधी. माझ्या अंगाने दोन कोपरे भरत नाहीत."

समोरच्या कोपऱ्यात दुसरा ढीग होता, लहान, आणि त्यातून किंचित, फडक्यात गुंडाळल्यासारखा आवाज येत होता. सुनेने त्यात हात घातले. तिला काहीच कळेना. बोटांना भुसा आणि पिसे आणि जीव यांतला फरक कळत नव्हता. तिने एक पिल्लू गालाला लावले: गरम, छाती उडत असलेली. बाजूला सोडले. दुसरे. तिसऱ्याची मान लोंबत होती. ते मागे दिले. तिने मागे दिलेले प्रत्येक सासू घेत होती आणि टोपलीत ठेवत होती, आणि या वेळी ती काही ऐकवत नव्हती.

"पोती द्या, आई."

पोती एकेक करून आत आली. सुनेने तीन कोपरे बुजवले, गुडघ्यांनी दाबून घट्ट केले. कंदील आत टांगला. पिल्ले हळूहळू पसरू लागली. आवाज बदलला, बारीक झाला, पोटातला झाला. चौथे पोते घेऊन ती सुतारापाशी सरकली.

"आता उठा, बाबा. हे बसवते."

"उठता आलं असतं तर मगाशीच उठलो असतो."

दोघींनी त्याला काखेत हात घालून बाहेर ओढले. अंगणात तो सरळ होईना; खुराड्यात होता तसाच वाकलेला, गुडघे छातीशी घेऊन आडवा पडून राहिला. सासूने त्याच्यावर घोंगडी टाकली, त्याची पाठ चोळू लागली आणि मग तिला हसू की खोकला काहीतरी आले. "बघा," ती म्हणाली, "यांनाही काटकोनात बसवलं शेवटी."

मधली खोली त्या रात्री सुताराला मिळाली.

सकाळी जमिनीवर पांढरे दहिवर पडले होते. सुनेने खुराड्याचे दार उघडले तेव्हा आधी एक पिल्लू उंबऱ्यावर आले, थंड जमिनीवर पाय ठेवून तो लगेच उचलला, पुन्हा ठेवला. त्यामागून बाकीची आली. तिने आत वाकून चारही कोपरे पाहिले. पोत्यांपाशी काही नव्हते. मेलेली सगळी काल संध्याकाळचीच होती. ओंजळी भरतील एवढी. ती तिने कुंपणाजवळ खड्डा करून पुरली, आणि पुरताना तिला रडू आले नाही याचे तिलाच आश्चर्य वाटले.

ओसरीवर करवतीचा आवाज सुरू झाला. सुतार वाकूनच उभा होता आणि उरलेल्या फळीचे अरुंद तुकडे पाडत होता. करवत भरकटत होती.

"धर," तो म्हणाला. तिने फळी धरली. "पोती भिजतील, कुजतील. फळी आडवी मारतो कोपऱ्यात. तिरकी. मग शिरतील कशी?"

"बाबा, तुमचे सांधे झाकले जातील."

"माझे मला माहीत आहेत ना कुठं आहेत ते." त्याने गुण्या उचलला, सवयीने फळीला लावला आणि मग बाजूला ठेवून दिला. "हा राहू दे. तिरकं किती घ्यायचं ते तू सांग. ढीग तू उपसलायस."

तिने खुराड्यात शिरून हाताने माप दाखवले. त्याने पेन्सिलीने खूण केली. खूण वाकडी आली; त्याने ती पुसली नाही.

पहिली फळी ठोकताना दारात मोटारसायकलचा भोंगा वाजला. सून खुराड्यात फळी धरून बसली होती. हातोडा थांबला, पण तिने फळी सोडली नाही. भोंगा पुन्हा वाजला. सासू पदराने तोंड झाकून, खोकत, अंगणातून दाराकडे गेली.

"राग डोक्यात घालून गेली काल," घड्याळ म्हणाला. "पाठवा तिला. दुसरी बाई मिळाली नाही. आज माफ."

"ती कामावर गेलीय," सासू म्हणाली.

"कुठं?"

खुराड्यातून हातोड्याचा ठोका आला, मग दुसरा, आणि पिल्ले दचकून अंगणभर पांगली. त्यांतले एक धावत येऊन सासूच्या पायांशी थांबले. तिने वाकून ते उचलले, क्षणभर विचार केला, आणि त्याचे पाय आपल्या गालाला लावून पाहिले.

"आत येऊन बघायचं तर बघ," ती म्हणाली. "पण ते गाडीचं यंत्र बंद कर आधी. घाबरली की चढतात एकमेकांवर."